उसाचे बिल आणि ॲपचे शेअर

कागल तालुक्यात चार साखर कारखाने आहेत: शाहू, बिद्री, हमिदवाडा आणि बेलेवाडी काळम्मा. हंगाम सुरू झाला की उसाची बिले खात्यावर पडू लागतात. गोकुळ दूध संघाचे बिल दर दहा दिवसांनी येते, दिवाळीच्या तोंडावर दूध फरक मिळतो, पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत बोनस होतो. हा पैसा आजवर सोसायटीच्या हप्त्यात, पतसंस्थेच्या ठेवीत, भिशीत, सोन्यात आणि घराच्या स्लॅबमध्ये जात आला. आता त्याला आणखी एक वाट फुटली आहे. गैबी चौकातल्या चहाच्या गाड्यांपासून एमआयडीसीच्या गेटपर्यंत, सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की माना खाली जातात आणि बोटे मोबाईलवर फिरू लागतात. बोलणे चालते ते झोमॅटो, पेटीएम, नायका, स्विगी या नावांचे.

कागलच्या माणसाने शेअर बाजारात पाऊल टाकू नये, असे आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे, आणि पुढचे बिल खात्यावर पडण्याआधी ते स्पष्ट सांगणे आम्हाला आमचे कर्तव्य वाटते. इंटरनेट कंपनीचा शेअर मोठा, व्यावसायिक गुंतवणूकदारही घेतो आणि आपला लहान माणूसही घेतो. शेअर एकच असतो. पण घेण्याचा भाव वेगळा, वेळ वेगळी, त्यात घातलेला पैसा वेगळा आणि बाहेर पडण्याची तयारी तर अगदीच वेगळी. हे अंतर न ओळखता उसाचे बिल या बाजारात ओतणारी घरे मोठ्या संकटाच्या दिशेने चालली आहेत.

पेटीएमचे उदाहरण घेऊ. तिची मालक कंपनी वन नाइन्टीसेव्हन कम्युनिकेशन्स नोव्हेंबर २०२१ मध्ये बाजारात आली. १८,३०० कोटी रुपयांचा आयपीओ (शेअरची पहिली जाहीर विक्री), तोवरचा देशातला सर्वांत मोठा. शेअरचा भाव २,१५० रुपये. किमान सहा शेअरचा अर्ज, म्हणजे १२,९०० रुपये. त्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, दहा टक्के उताऱ्याला टनामागे २,९०० रुपये होती. एका अर्जात जवळजवळ साडेचार टन उसाची किंमत गेली. १८ नोव्हेंबरला शेअर १,९५० रुपयांना उघडला आणि दिवसअखेर १,५६० च्या आसपास बंद झाला. पहिल्याच दिवशी एका अर्जामागे साडेतीन हजार रुपये गेले. वर्षभराने भाव ४४० च्या घरात आला, तेव्हा त्या १२,९०० रुपयांतले सुमारे २,६५० उरले होते. साडेचार टनांचा एक टनही राहिला नाही.

आता त्याच व्यवहाराची दुसरी बाजू पाहा. त्या १८,३०० कोटींपैकी कंपनीच्या तिजोरीत जाणारे ८,३०० कोटी होते. उरलेले १०,००० कोटी जुन्या भागधारकांनी आपले शेअर विकून बाहेर काढले. त्यांत चीनच्या एकट्या अँट समूहाचा वाटा ४,७०० कोटींच्या वर होता. ही मंडळी वर्षानुवर्षे आधी, फार कमी भावात कंपनीत शिरली होती. त्यांच्यासाठी तो दिवस पीक काढण्याचा होता आणि आपल्या माणसासाठी पेरणीचा. एकाच दिवशी, एकाच भावाला एक जण विकत होता आणि दुसरा घेत होता. विकणाऱ्याने कंपनी आतून पाहिली होती. घेणाऱ्याने फक्त ॲप पाहिले होते.

सगळ्या घोळाचे मूळ इथेच आहे. आपण रोज वापरतो ते ॲप म्हणजे आपल्याला कळलेला धंदा, असा समज होतो. चहावाल्याच्या गाड्यावरची पेटीएमची बोलकी पेटी दर मिनिटाला पैसे जमा झाल्याचे सांगते, त्यावरून कंपनी किती कमावत असेल याचा अंदाज बांधला जातो. प्रत्यक्षात जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. त्या पेटीचे महिन्याचे भाडे कंपनीला मिळते, कर्ज मिळवून दिल्याचे कमिशन मिळते, सरकार काही प्रोत्साहन रक्कम देते. पण दहा रुपयांच्या चहाचे पैसे इकडून तिकडे गेले म्हणून दुकानदाराकडून कंपनीला काही सुटत नाही. जो आवाज ऐकून भरवसा बसला, नेमकी तिथेच कमाई सर्वांत कमी होती. व्यावसायिक गुंतवणूकदार हा प्रश्न पहिल्यांदा विचारतो: एका व्यवहारामागे, एका ऑर्डरमागे हातात काय राहते? रोकड किती महिने पुरेल? आणि हा शेअर आपण कोणाकडून घेतो आहोत?

किमतीचा हिशेबही असाच. मार्च २०२१ अखेरच्या वर्षात पेटीएमचे कामकाजातून आलेले उत्पन्न सुमारे २,८०० कोटी आणि तोटा सुमारे १,७०० कोटी होता. आयपीओच्या भावाने कंपनीचे मोल झाले १ लाख ३९ हजार कोटी, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाच्या जवळजवळ पन्नास पट. मुरगूडच्या पेठेतले वर्षाला दहा लाखांची विक्री करणारे आणि वर तोट्यात चालणारे किराणा दुकान कोणी पाच कोटींना विकायला काढले, तर आपण त्याच्या पायरीवरही थांबणार नाही. आकडा हजार कोटींत गेला आणि नाव ॲपचे असले की हाच व्यवहार आपल्याला संधी वाटतो.

हा धोका कायद्याने ओळखलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमांप्रमाणे आयपीओ आणणाऱ्या कंपनीचा मागच्या तीन वर्षांतला कामकाजाचा नफा दरवर्षी असावा आणि त्याची सरासरी किमान १५ कोटी असावी, ही एक मुख्य अट आहे. ती पाळणाऱ्या कंपनीत लहान गुंतवणूकदारांसाठी ३५ टक्के हिस्सा राखीव असतो. ती अट पाळता येत नसेल, तरी कंपनीला बाजारात येता येते; पण मग किमान ७५ टक्के शेअर मोठ्या संस्थांनाच द्यावे लागतात आणि दोन लाखांपर्यंतचा अर्ज करणाऱ्या लहान माणसासाठी उरतात जेमतेम १० टक्के. झोमॅटो, पेटीएम, नायका अशाच वाटेने आल्या. नियमाचा अर्थ सरळ आहे: या कंपनीचा भाव ठरवणे आणि तोटा सोसणे, ही दोन्ही कामे ज्यांना झेपतात त्यांनी ती करावी. आपण त्या दहा टक्क्यांकडे पाहून काय म्हणतो? ‘आपल्याला मिळू देत नाहीत.’ आणि शेअर वाटपाच्या लॉटरीत नंबर लागला नाही म्हणून, शेअर बाजारात आला त्याच सकाळी चढ्या भावाने घेतो. नायकाचा शेअर ११२५ रुपयांना दिला गेला आणि १० नोव्हेंबर २०२१ ला दोन हजारांच्या वर उघडला. त्या सकाळी ज्याने घेतला, त्याच्या वाट्याला तो ७९ टक्के नफा आला नाही. त्या नफ्याची किंमत त्यानेच मोजली.

मोठे कधी चुकत नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. पेटीएमच्या आयपीओच्या आदल्या आठवड्यात जगातल्या नामांकित फंडांनी अँकर, म्हणजे विक्री खुली होण्याआधीच शेअर घेणारे मोठे गुंतवणूकदार म्हणून ८,२३५ कोटींचे शेअर त्याच २,१५० रुपयांना घेतले होते. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने २०१८ मध्ये पेटीएममध्ये सुमारे २,२०० कोटी घातले होते. आयपीओत त्यातले सुमारे ३०० कोटी सोडवले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये उरलेले सगळे शेअर ८७७ रुपयांच्या भावाने, सुमारे १,३७० कोटींना विकून कंपनीतून अंग काढून घेतले. पाचेकशे कोटींचा तोटा. पण बर्कशायरच्या एकूण पसाऱ्यात ती रक्कम नगण्य होती. तोटा मान्य करून बाहेर पडण्याचा निर्णय घेणारी यंत्रणा तिथे होती आणि त्या तोट्याने कोणाच्या मुलीची फी अडली नाही. म्हणून ‘मोठ्यांनी घेतलाय’ हे आपल्या माणसाचे कारण होऊ शकत नाही. मोठा चुकला तर त्याचा आकडा बदलतो. लहान चुकला तर त्याचे घर बदलते.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास जाहीर केला. एप्रिल २०२१ ते डिसेंबर २०२३ या काळातले १४४ आयपीओ त्यात तपासले होते. वैयक्तिक गुंतवणूकदारांनी मिळालेले निम्मे शेअर, किमतीच्या हिशेबाने, आठवड्याच्या आत विकले होते. म्युच्युअल फंडांनी आठवड्यात विकले ते जेमतेम ३.३ टक्के. याहून बोलका आकडा पुढचा आहे. जिथे शेअर वीस टक्क्यांहून अधिक चढला, तिथे वैयक्तिक गुंतवणूकदारांनी ६७.६ टक्के शेअर आठवड्यात विकून टाकले. जिथे तोटा होता, तिथे फक्त २३.३ टक्के विकले. फायद्याचा हातातून सोडायचा आणि तोट्याचा उराशी धरायचा, हा आपला स्वभाव या आकड्यांत उतरला आहे. मग तोट्याचा शेअर ‘ॲव्हरेज’ करायला दुसरे बिल जाते, नंतर तिसरे. ‘खरेदीचा भाव आला की काढतो,’ हे वाक्य कागलमध्ये आज कितीतरी घरांत बोलले जात असेल.

दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. झोमॅटो जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना आला, पहिल्याच दिवशी ११५ च्या वर उघडला. तेव्हा कंपनीचा वर्षाचा तोटा ८१६ कोटी होता, आणि तोट्याचा हा इतिहास तिने आपल्या माहितीपत्रकात स्वतःच नोंदवला होता. जुन्या भागधारकांवरची वर्षभराची विक्रीबंदी २३ जुलै २०२२ ला संपली. पुढच्या कामकाजाच्या दिवशी शेअर अकरा टक्क्यांनी कोसळला आणि लगेच चाळिशीत आला. उबरसारख्या मोठ्या भागधारकानेही ऑगस्टमध्ये पन्नासच्या आसपास आपला सगळा हिस्सा विकून टाकला. मग एप्रिल ते जून २०२३ या तिमाहीत कंपनीला पहिल्यांदा नफा झाला, अवघा दोन कोटींचा. डिसेंबर २०२४ मध्ये शेअर तीनशेच्या घरात पोचला आणि सेन्सेक्समध्ये गेला. चाळीसला घेऊन तीनशेपर्यंत थांबलेल्याने भरपूर कमावले. पण थांबू कोण शकला? ज्याच्या पैशाला तारीख नव्हती तो. शेतकऱ्याच्या पैशाला तारीख असते. सोसायटीचा हप्ता, बियाणे, खताची पोती, कॉलेजची फी, लग्नाचा मुहूर्त. भाव चाळीसवर असतानाच नेमकी ती तारीख येते आणि विकणे भाग पडते. कंपनी चांगली निघाली तरी माणूस तोट्यातच जातो. धोका असा दुहेरी आहे.

विक्रीबंदी कधी उठते, याची तारीख व्यावसायिकाच्या वहीत आधीपासून असते. आयपीओपूर्वीच्या बहुतेक भागधारकांसाठी आता ती मुदत सहा महिन्यांची आहे. अँकरच्या निम्म्या शेअरसाठी तीस दिवसांची, उरलेल्या निम्म्यांसाठी नव्वद दिवसांची. ही माहिती गुप्त नाही, पण ती पाहण्याची आपल्याला सवय नाही. नायकाने २०२२ मध्ये एका शेअरला पाच बोनस शेअर जाहीर केले. गावागावांत ‘पाच फुकट’ अशी हाकाटी झाली. बोनसची तारीख आणि जुन्या भागधारकांवरची विक्रीबंदी उठण्याची तारीख एकाच आठवड्यात होती. बोनस दिला की भावाला सहाने भाग जातो, घरात एक रुपयाही जास्तीचा येत नाही. त्याच महिन्यात मोठ्या फंडांनी ब्लॉक डीलमधून, म्हणजे एकगठ्ठा सौद्यांतून, आपले शेअर मोकळे केले. ज्याला तारीख ठाऊक होती त्याने विकले, ज्याला ‘फुकट’ हा शब्द ऐकू आला त्याने घेतले.

हे पहिल्यांदा घडत आहे, असेही नाही. १९९९ च्या नोव्हेंबरात सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड हे संकेतस्थळ ४९९ कोटींना घेण्याचा करार केला आणि नावात ‘डॉट कॉम’ असलेल्या प्रत्येक कागदाला देशभर भाव आला. अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांक १० मार्च २००० ला ५,०४८ वर होता. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १,११४ वर उतरला. ॲमेझॉनसारख्या पुढे जगज्जेती ठरलेल्या कंपनीचा शेअर शंभर डॉलरच्या वरून सहा डॉलरपर्यंत घसरला आणि जुना भाव गाठायला त्याला जवळजवळ दहा वर्षे लागली. मेरिल लिंचचा विश्लेषक हेन्री ब्लॉजेट जे शेअर लोकांना घ्यायला सांगत होता, त्यांतल्या काहींविषयी सहकाऱ्यांना पाठवलेल्या ईमेलमध्ये तो वाईट बोलत होता, हे २००२ मध्ये उघड झाले. पुढच्या वर्षी त्याच्यावर आजन्म बंदी आली. आपल्याकडे शेअर दलाल केतन पारेखचा घोटाळा फुटला, अहमदाबादची माधवपुरा सहकारी बँक बुडाली आणि २ जुलै २००१ ला यूटीआय या म्युच्युअल फंडाने आपल्या यूएस-६४ योजनेच्या युनिटची खरेदी-विक्री थांबवली. ज्या शिक्षकाने, ज्या कारकुनाने आयुष्यात कधी शेअर घेतला नव्हता, त्याचीही पुंजी अडकली, कारण त्याच्या युनिटचा पैसा त्याच लाटेत गुंतवलेला होता. त्या वेळी मोबाईल हातात नव्हता, तरी झळ गावापर्यंत आली. आज तर बाजार खिशात आहे. मार्च २०२० च्या सुमारास देशात चारेक कोटी डीमॅट खाती होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती दहा कोटींच्या पुढे गेली आणि वाढ अजून थांबलेली नाही. गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला आहे.

आणि आता धोक्याची तीव्रता वाढवणारी तीन कारणे एकत्र आली आहेत.

पहिले, उसनवारी. मार्जिनवर शेअर घ्यायचा म्हणजे थोडे आपले आणि बाकीचे ब्रोकरचे पैसे. भाव उतरला की ब्रोकर विचारत बसत नाही, विकून मोकळा होतो. त्यात कोणी सोने तारण ठेवून, कोणी पतसंस्थेचे वैयक्तिक कर्ज काढून पैसे लावतो. शेअर शून्यावर गेला तरी हप्ता शून्यावर जात नाही.

दुसरे, फ्युचर्स-ऑप्शन्स. झोमॅटो, पेटीएम, नायका, पॉलिसीबझार हे शेअर नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस या वायदे व्यवहारांत आले. म्हणजे शेअर न घेताही, काही हजारांच्या प्रीमियमवर, त्याच्या चढउतारावर पैसे लावण्याची सोय झाली. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत अशा व्यवहारांतल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर होता. सरासरी माणशी दोन लाख. तोटा होऊनही चारांतल्या तिघांनी खेळ चालूच ठेवला. हा पैसा गेला कुठे? २०२३-२४ या एका वर्षात स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या कंपन्यांनी सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी संस्थांनी सुमारे २८,००० कोटींचा ढोबळ नफा मिळवला. परदेशी संस्थांच्या नफ्यातला ९७ टक्के भाग संगणकाच्या आपोआप चालणाऱ्या प्रणालींनी कमावलेला होता. एमआयडीसीत दुसरी पाळी करून आलेला पोरगा झोपेतून उठून मोबाईल उघडतो, तेव्हा समोर कोण बसले आहे हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

तिसरे, फसवणूक. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या गटात खऱ्या कंपन्यांची नावे, खोटे नफ्याचे स्क्रीनशॉट आणि खऱ्यासारखेच दिसणारे बनावट ॲप पाठवले जाते. ‘आयपीओत हमखास शेअर मिळवून देतो’ म्हणून पैसे घेतले जातात. ॲपवर नफा फुगत जातो आणि काढायला गेले की ‘आधी कर भरा’ म्हणून आणखी मागितले जातात. कोल्हापूर जिल्ह्याला हे नवे नाही. शेअर बाजारातून मोठ्या परताव्याचे आमिष दाखवल्याच्या आरोपावरून ए. एस. ट्रेडर्सवर २०२२ मध्ये गुन्हा दाखल झाला, तेव्हा जिल्ह्यातली असंख्य कुटुंबे हवालदिल झाली. एवढे होऊनही ‘महिन्याला पाच टक्के’ म्हणणाऱ्याच्या दारात रांग लागते. हमी परताव्याचे आश्वासन शेअर बाजारात कोणालाच देता येत नाही. जो देतो तो फसवतो, एवढे तरी घराघरांत पोचले पाहिजे.

यावर तरुण मंडळी विचारतील, ठेवीचे व्याज महागाईत विरून जाते, मग आम्ही कायम पतसंस्थेच्या पासबुकावरच राहायचे का? प्रश्न रास्त आहे. उत्तरही आपल्याकडेच आहे. कागलचा शेतकरी आज पहिल्यांदा भागधारक झालेला नाही. कारखान्याचा शेअर त्याच्या घरात दोन पिढ्यांपासून आहे. वार्षिक सभेत उभा राहून तो अध्यक्षांना विचारतो: उतारा किती पडला, तोडणी-वाहतुकीचा खर्च का वाढला, डिस्टिलरीचे पैसे कुठे गेले, कर्ज किती आहे? ज्याला टनामागे पन्नास रुपयांसाठी जाब विचारता येतो, त्याला ताळेबंद कळत नाही असे आम्ही मुळीच मानत नाही. तोच माणूस मोबाईलवर मात्र एकही प्रश्न न विचारता बटण दाबतो. सभासदाची ती नजर त्याने इथेही वापरावी. उत्पन्न किती, खर्च किती, कर्ज किती, नफा कधी, विकणारा कोण. या पाच प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील तर तो शेअर आपला नाही. आणि स्वतः निवडायला वेळ नसेल, तर निर्देशांकाच्या म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम घालण्याची साधी, स्वस्त वाट सर्वांना खुली आहे. त्या वाटेनेही झोमॅटोसारखी कंपनी मोठी झाल्यावर आपल्या वाट्याला येते, पण घर पणाला न लावता.

घरासाठी आम्ही चार गोष्टी ठामपणे सांगू. ज्या पैशाला पाच वर्षांच्या आत तारीख आहे, तो इंटरनेट कंपनीच्या शेअरमध्ये घालू नये. कर्जाचा, तारणाचा, भिशीचा एक रुपयाही घालू नये. सगळा पैसा बुडाला तरी घर चालेल, एवढाच हिस्सा अशा शेअरमध्ये असावा आणि तोही एका कंपनीत नसावा. घेण्याआधी कोणत्या कारणाने विकणार, हे कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवावे. व्यावसायिकाची शिस्त ती हीच, आणि तिला पैसे लागत नाहीत. फ्युचर्स-ऑप्शन्स तर उसाच्या बिलाच्या आसपासही फिरकू देऊ नयेत.

पण सगळा भार एकट्या माणसावर टाकून व्यवस्थेला मोकळे सोडता येणार नाही. आयपीओच्या माहितीपत्रकातला आशय चित्रफितीतून समजावून सांगणे सेबीने ऑक्टोबर २०२४ पासून बंधनकारक केले, हे चांगले झाले. पण ती चित्रफीत इंग्रजी आणि हिंदीत. ज्या राज्यात सर्वाधिक गुंतवणूकदार आहेत, त्या राज्याच्या भाषेत ती का नसावी? पैसे मराठी माणसाचे चालतात, तर धोक्याची सूचनाही मराठीत मिळाली पाहिजे. तोट्यातल्या कंपनीच्या अर्जाच्या पानावरच, ‘ही कंपनी नफ्याची अट पूर्ण करत नाही, म्हणून लहान गुंतवणूकदारांसाठी फक्त दहा टक्के शेअर आहेत’ हे वाक्य ठळक मराठीत दिसावे, अशी आमची मागणी आहे. आमच्या खासदारांनी ती दिल्लीत मांडावी.

आणि कागलच्या संस्थांनी दिल्लीची वाट पाहू नये. पेटीएम, नायका, पॉलिसीबझार २०२१ च्या दिवाळीच्या मागेपुढेच आल्या. स्विगी २०२४ च्या दिवाळीनंतर आठवड्याभरात विक्रीला आली. ३९० रुपयांचा शेअर डिसेंबरात सहाशेच्या वर गेला आणि पुढच्या मे महिन्यात तीनशेच्या आसपास उतरला. दूध फरक, बोनस आणि उसाचा पहिला हप्ता हाती पडतो तो हाच काळ. म्हणून साखर कारखान्यांनी सभासदांचे मेळावे घ्यावेत, गोकुळने संस्थांच्या सचिवांमार्फत माहिती पोचवावी, पतसंस्थांनी वैयक्तिक कर्ज देताना पैसा कुठे जाणार हे विचारावे, एमआयडीसीतल्या कारखान्यांनी बोनसच्या आठवड्यात तासभर तरी कामगारांशी बोलावे. महाविद्यालयांनी वाणिज्य शाखेच्या मुलांना एक माहितीपत्रक पूर्ण वाचायला लावावे. हे सगळे दिवाळीच्या आधी व्हावे, नंतर त्याचा उपयोग नाही. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तरच पैसे वाटेत अडवण्याची शक्यता राहते.

राजर्षी शाहू महाराजांचा जन्म या गावच्या घाटगे घराण्यातला. त्यांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात गिरणी उभी केली, राधानगरीला धरण बांधायला घेतले, सहकाराला कायद्याचे बळ दिले. भांडवलाला या मातीने कधी नावे ठेवली नाहीत. पण ते भांडवल कशात जाते आणि त्यातून काय उभे राहते, हे विचारूनच पैसा घालण्याची शिकवण इथली आहे. इंटरनेट कंपन्या येतील, त्यांतल्या काही मोठ्याही होतील. त्यांच्या वाढीत कागलने जरूर भागीदार व्हावे, पण शिल्लक पैशाने, पूर्ण हिशेब मागून आणि सवडीने. येत्या हंगामाचे पहिले बिल खात्यावर पडेल, त्या दिवशी सोसायटीचा हप्ता, मुलांची फी आणि सहा महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला काढा. त्यानंतर काही उरले, तरच शेअरचे ॲप उघडा.